इटालियनच्या बोली, मैतेईच्या बोली : शब्द एक, भानगडी दोन

प्रश्न आलाय : इटालियनच्या प्रादेशिक बोलींत जेवढा फरक दिसतो, तेवढाच मणिपूरच्या मैतेई भाषेच्या बोलींतही असतो का?

नाही. मुळात दोन्हीकडे 'बोली' म्हणताना आपण वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलतो.

इटलीत ज्याला 'दियालेत्तो' म्हणतात ते इटालियनचं मोडकंतोडकं रूप नव्हे. नेपल्स, सिसिली, व्हेनिस इथल्या बोली थेट लॅटिनमधून उतरल्या. प्रमाण इटालियनचा पायाही चौदाव्या शतकातल्या फ्लोरेन्सच्या बोलीचाच. म्हणजे सगळ्या बहिणी, एकीला गादी मिळाली एवढंच. (कोकणी-मराठी वाद ऐकून कान किटलेल्यांना हे ओळखीचं वाटेल.) मुलाला इटालियनमध्ये 'रागात्सो', नेपल्सला 'ग्वाल्योने', सिसिलीत 'पिचोत्तु'. व्याकरणही बदलतं. 'मी बोलत नाही' हे इटालियनमध्ये 'नोन पार्लो', नकार आधी. तुरीनकडच्या पिएमोंतेझमध्ये 'इ पार्लु नेन', नकार क्रियापदानंतर, अगदी आपल्यासारखा! १८६१ साली देश एक झाला तेव्हा इटालियन येणारे लोक अडीच टक्के होते असं काही अभ्यासक म्हणतात, काही दहाच्या आसपास नेतात.

आपण वऱ्हाडीला ज्या अर्थाने बोली म्हणतो, तसा प्रकार इटलीत निराळा आहे : इटालियनच, पण गावागावाच्या ढंगाची. कलिंगड मिलानला 'आंगुरिया', रोमला 'कोकोमेरो'. मैतेईशी तुलना करायचीच तर ती याच्याशी करावी.

मैतेई, म्हणजे सरकारी कागदावरची मणिपुरी, १९९२ साली कोकणी आणि नेपाळीबरोबर राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आली. प्रमाण मानतात ती इम्फाळची. काकचिंग, सेकमाई, आन्द्रो, फायेंग या मणिपुरातल्याच ठिकाणी उच्चार आणि काही शब्द बदलतात, भाषा तीच राहते.

गंमत आन्द्रो-सेकमाईची आहे. तिथे पूर्वी मैतेई नव्हतीच. त्यांच्या जुन्या, आता लुप्त झालेल्या भाषांचे शब्द मॅक्युलॉक या इंग्रज अधिकाऱ्याने १८५९ साली छापले, आणि त्यांचं जवळचं नातं निघालं ते म्यानमारमधल्या कादू भाषेशी. इटलीत निराळ्या भाषा 'बोली' या नावाखाली अजून नांदताहेत. इथे निराळी भाषा गेली आणि तिच्या जागी मैतेईची बोली आली.

जाता जाता, विष्णुप्रिया मणिपुरीला या यादीत घालू नका. नावात मणिपुरी असली तरी ती बंगाली-असमियाच्या गोतातली, आर्यकुळातली भाषा आहे.