अ‍ॅझ्युर डेव्हऑप्स (सॉफ्टवेअर टीमची कामं आणि कोड सांभाळायचं मायक्रोसॉफ्टचं साधन): आठ टीम, सत्तर जण. प्रोजेक्ट एकच ठेवावा की टीमगणिक वेगळा?

एकच ठेवा, आत टीम आठ करा आणि प्रत्येकीला स्वतःचा एरिया पाथ द्या (काम कोणत्या टीमचं, हे दाखवणारा कप्पा). रोजचं बग ट्रायेज (आलेला बग कोणाचा हे ठरवून वाटून देणं) माझ्याकडे असतं, म्हणून खात्रीने सांगतो: 'पेमेंट' टीमच्या नावावर आलेला बग निम्म्या वेळा 'क्लेम्स' टीमचा निघतो. एकाच प्रोजेक्टमध्ये असेल तर फक्त एरिया पाथ बदलायचा, की तो त्यांच्या बॅकलॉगमध्ये (करायच्या कामांच्या यादीत). वेगळ्या प्रोजेक्टमध्ये तोच बग हलवायला दोन्हीकडच्या परवानग्या लागतात, आणि दोन्हीकडचे स्टेट किंवा फील्ड जुळत नसतील तर ती निस्तरत बसा. शिवाय स्प्रिंटच्या (ठरावीक मुदतीच्या कामाच्या फेरीच्या) तारखा प्रोजेक्टनिहाय असतात, म्हणजे त्याच तारखा आठ ठिकाणी भरायच्या. कोण भरणार? रेपोसाठीही (कोड ठेवायच्या जागेसाठीही) प्रोजेक्ट फोडायची गरज नाही, एका प्रोजेक्टमध्ये हवे तितके गिट रेपो राहतात.

सेटिंग करताना एवढं बघा:
- टीमला प्रोजेक्टचा सगळ्यात वरचा मूळ एरिया देऊन 'सब-एरियासह' केलंत तर तिच्या बॅकलॉगमध्ये साऱ्या गावाची कामं दिसतील. तिचा स्वतःचाच एरिया द्या.
- एपिक आणि फीचर (मोठी कामं) वरच्या एरियात, स्टोरी (त्यांतली छोटी कामं) टीमच्या एरियात.

एकच प्रोजेक्ट ठेवण्याला अपवाद प्रोसेसचा, म्हणजे कामांचे प्रकार आणि स्टेट ठरवणाऱ्या साच्याचा (स्क्रम, अजाइल हे असे साचे). ती संपूर्ण प्रोजेक्टला एकच लागू होते. एका टीमला स्क्रमचे 'प्रॉडक्ट बॅकलॉग आयटम' आणि दुसरीला अजाइलच्या 'यूझर स्टोरी' हव्याच असतील, आणि कोणीच मागे हटत नसेल, तर तेवढ्यापुरता प्रोजेक्ट वेगळा काढावा लागेल.