मागील भागात आपण पाहिलं...

प्रश्न : रोज रात्री सासूबाईंसोबत मालिका बघते. दर भागाच्या सुरुवातीला कालचंच पुन्हा दाखवतात. मोबाइलवर निदान ते 'स्किप' तरी करता येतं. आमचा वेळ असा का घेतात?
– एक वाचक, मिरज

उत्तर : ताई, मी अकरा वर्षं रोजच्या मालिकांचं एडिटिंग केलं. तुमची तक्रार निम्मी खरी आहे. अर्ध्या तासाच्या भागात जाहिराती वजा जाता वीस-बावीस मिनिटं भरायची असतात. शूटिंग कमी पडलं की कालचा शेवटचा सीन जवळजवळ अख्खा रिकॅपमध्ये चढवायचा, हे मीही केलंय. ते चुकीचंच होतं.

पण रिकॅप म्हणजे कालचा सारांश नव्हे. आज जे लागणार आहे तेवढंच त्यात काढून ठेवायचं. एका मालिकेत सुनेनं तांदळाच्या डब्यात चिठ्ठी दडवली होती, त्याला दीड महिना झालेला. आज ती सासऱ्यांच्या हाती लागणार. चिठ्ठी दाखवली तर तुम्ही लगेच ओळखणार, नाही दाखवली तर 'ही कुठून आली?' म्हणणार. शेवटी भांडणाच्या दोन शॉटच्या मध्ये डब्याचं झाकण लावणारा हात ठेवला. चिठ्ठी नाहीच, नुसतं झाकण आणि बांगड्यांचा आवाज. दोन सेकंद. त्यासाठी दिग्दर्शक आणि मी रात्री एकपर्यंत बसलो होतो.

१९८८मध्ये दूरदर्शनवर 'महाभारत' सुरू झालं, तेव्हा दोन भागांत आठवडा जायचा. हरीश भिमानींच्या आवाजातला 'समय' कथेचा धागा पुन्हा हाती द्यायचा. रोजच्या मालिकेत मध्ये एकच रात्र जाते, हे खरं. पण रोज बघायला मिळतं कितीजणांना? कुणाची रात्रपाळी, कुणाकडे पाहुणे. मोबाइलवर सलग चार भाग बघताना खुशाल स्किप करा. आठवड्यानं बघत असाल तर मात्र करू नका. (भागाच्या शेवटी उद्याचं दाखवतात त्या प्रीकॅपवर माझा खरा राग आहे. तो उद्याची उत्सुकताच मारतो.)

माझी आई रिकॅप सुरू झाला की गॅस बारीक करायची, ओट्यावरचं आवरायची आणि पदराला हात पुसत बाहेर यायची. तोवर मूळ भाग सुरू झालेला असायचा. रिकॅप तिनं कधी पाहिलाच नाही, फक्त ऐकला. म्हणून मी त्यात संगीत कमी ठेवायचे आणि संवाद मोकळे सोडायचे, स्वयंपाकघरापर्यंत नीट पोचतील असे. तुमच्या सासूबाई त्या वेळी कुठे असतात, ते आज बघा.