जाहिरातींवर टीका करणारे संगीतकार जाहिरातींचेच आवाज का वापरतात? ही चोरी नव्हे का?

चोरी नव्हे, असं माझं ठाम मत आहे. ते का, हे 'निगेटिव्हलँड' या कॅलिफोर्नियातल्या गटाच्या 'डिस्पेप्सी' (१९९७) या अल्बमवरून सांगते.

त्यांनी शीतपेयांच्या जाहिरातींमधले आवाज कापले, उलटसुलट जोडले आणि त्यांवर गाणी बांधली. 'द ग्रेटेस्ट टेस्ट अराउंड'ची चाल अगदी जिंगलची, सहज ओठांवर येणारी. ओळी मात्र भलत्याच. साहेबाने नोकरीवरून काढलं, पेप्सी! पुढे आणखी काहीतरी भयंकर, आणि पुन्हा पेप्सी! जाहिरात एरवी हेच नाव मैत्रीला, तारुण्याला, सुट्टीच्या दिवसाला चिकटवते. इथे पद्धत तीच आहे, फक्त शेजारी ठेवलेली गोष्ट बदलली. ही युक्ती लेखात वाचली तर आपण मान डोलावतो आणि विसरतो. इथे ती आपल्यावर चालताना कानाला कळते, आणि त्यासाठी आवाज जाहिरातीचाच लागतो.

आता परवानगीबद्दल. जाहिरात आपल्याला विचारून घरात शिरत नाही. मग तिला उलट उत्तर देताना तिची परवानगी का घ्यायची, हा या मंडळींचा युक्तिवाद मला पूर्ण पटतो. कुणाचं अख्खं गाणं उचलून विकणं वेगळं. इथे तुकडा पुरावा म्हणून येतो.

याची झळ त्यांना बसली होती. १९९१ मध्ये आपल्या एका रेकॉर्डच्या मुखपृष्ठावर 'यू टू' या रॉक बँडचं नाव ठळक छापल्याबद्दल आणि त्या बँडच्या गाण्याचे तुकडे वापरल्याबद्दल 'यू टू'च्या रेकॉर्ड कंपनीने, आयलंड रेकॉर्ड्सने, निगेटिव्हलँडवर खटला भरला. रेकॉर्ड बाजारातून मागे घ्यावी लागली. म्हणून 'डिस्पेप्सी'च्या वेष्टनावर नावाची अक्षरंच उलटसुलट छापली. खरं नाव ऐकायला एका नंबरवर फोन करायचा! पेप्सीने मात्र खटला भरला नाही.

गटातले डॉन जॉइस १९८१ पासून २०१५ मध्ये निधन होईपर्यंत बर्कलीच्या केपीएफए रेडिओवर 'ओव्हर द एज' हा कार्यक्रम करत. त्यांचं आवडतं साधन म्हणजे कार्ट मशीन: फिरत राहणारी टेप असलेली छोटी पेटी, बटण दाबताच आवाज सुरू. रेडिओ केंद्रं याच यंत्रावर जाहिराती वाजवायची. मला या माणसाबद्दल सर्वात जास्त आदर वाटतो तो इथे.

सुरुवात 'डिस्पेप्सी'पासूनच करा. 'ओव्हर द एज'चे शेकडो तास इंटरनेट आर्काइव्ह या संकेतस्थळावर मोफत आहेत. त्यातला एखादा भाग पुढे न सरकवता सलग ऐका.