पहिला ऑनलाइन कोर्स बनवताय? मग सॉफ्टवेअर उघडायच्या आधी हे वाचा

अरे, कोर्स बनवायला कुठलं सॉफ्टवेअर, स्टोरीलाइन घेऊ की कॅप्टिव्हेट, हा प्रश्न नंतरचा, आधी कागदावर स्क्रीन काढ, कुठलं बटण दाबल्यावर काय होणार आणि उत्तर चुकलं तर शिकणारा कुठे जाणार ते लिही, नाहीतर ब्रांचिंग (उत्तरानुसार वेगवेगळ्या वाटा) करता करता स्वतःच हरवशील (मी हरवलोय, दोनदा).

हात बसवायला एचफाइव्हपी हे टूल घे, फुकट आहे, ओपन सोर्स आहे, मूडल या एलएमएसमध्ये (एलएमएस म्हणजे शिकणाऱ्याला कोर्स दाखवणारी आणि त्याची प्रगती नोंदवणारी सिस्टिम) चालतं. स्टोरीलाइन फक्त विंडोजवर चालतं, मॅक असेल तर आधीच विचार कर.

आता खरी गोची. कोर्स एलएमएसमध्ये टाकायचा तर बहुतेक जण अजून स्कॉर्म १.२ च मागतात (स्कॉर्म म्हणजे कोर्स आणि एलएमएसने एकमेकांशी बोलायचे ठरलेले नियम), आणि त्यात 'कुठपर्यंत आलो' हे साठवायला, म्हणजे सस्पेंड डेटाला, जागा फक्त ४,०९६ कॅरेक्टर. स्लाइड आणि व्हेरिएबल (कोर्सने लक्षात ठेवायच्या नोंदी) वाढले की ती भरते, मग माणूस परत आला की बुकमार्क गायब, कोर्स पहिल्यापासून सुरू, आणि शिव्या तुला. माझा एक मोठा कोर्स असाच आपटला, शेवटी तोडून चार तुकडे केले. स्कॉर्म २००४ च्या चौथ्या एडिशनमध्ये ६४,००० मिळतात, पण एलएमएस ते घेतं का ते आधी विचार.

पब्लिश केलेली फाइल नुसती डबल क्लिक करून 'चालतंय की' म्हणू नकोस, स्कोअर आणि कम्प्लीशन जातंय का ते एलएमएसमध्येच कळतं, म्हणून दोन स्लाइडचा डमी कोर्स पहिल्याच दिवशी टाकून बघ. आणि सोर्स फाइल (ज्यात तू कोर्स एडिट करतोस ती) जपून ठेव रे, पब्लिश केलेल्या झिपमधून ती परत मिळत नाही.