नोकरी सोडून लेकीबरोबर इंग्लंडला निघालेल्या डिचोलीच्या शिक्षिकेला

ताई म्हणून लिहिलंस, तर मीही तुला तू म्हणूनच लिहिते. तुझं म्हणणं मला असं समजलं: वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्या तुझ्या नवऱ्याला कोव्हेंट्रीला इंजिनीअरची नोकरी लागली आहे. मुलगी अडीच वर्षांची. तू डिचोलीजवळच्या मराठी प्राथमिक शाळेत शिकवतेस, नोकरी कायम झालेली आहे. तिकडे गेल्यावर निदान काही वर्षं नोकरी न करता मुलीपाशी घरी राहावं असं तुझ्या मनात आहे. सासरी मात्र सगळे म्हणतात की घरीच राहायचं तर इतक्या लांब कशाला जायचं. परदेशात घरी राहणं जमेल का, दिवस कसा जातो, आणि पुढे पस्तावा होईल का, हे तू विचारलं आहेस.

जमेल. मी म्हार्दोळची. लग्न करून इंग्लंडमधल्या स्विंडनला आले आणि थोरला झाल्यापासून घरीच आहे. हे मी स्वतःहून निवडलं आणि आजही मला ते मनापासून आवडतं. पण गोव्यात घरी राहणं आणि इथे घरी राहणं ही दोन अगदी वेगळी कामं आहेत, आणि निघण्याआधी तुला कळायला हवं ते हेच.

गोव्यात आई घरी असली तरी मूल एकटी आई वाढवत नाही. सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू वाजला की मूल आजोबांचा हात धरून पाव आणायला बाहेर. आंगणात शेजारची काकी तुळशीला पाणी घालत असते, ती त्याच्याशी चार शब्द बोलते. दुपारी आजी निजवते. संध्याकाळी कुणीतरी देवळात नेतं. आईला हे कुणाला सांगावं लागत नाही, ते होत असतं. तेवढ्या वेळात तिची आंघोळ होते, जेवण होतं, फोनवर बोलणं होतं. इथे सकाळी नवऱ्यामागे दार बंद झालं की संध्याकाळपर्यंत घरात मोठ्या माणसाचा आवाज येत नाही. तू आजारी पडलीस तरी मूल तुझ्याच मांडीवर असतं. डिसेंबरात चार वाजता अंधार पडतो, आणि पाऊस आपल्यासारखा कोसळून मोकळा होत नाही, दिवसभर भुरभुरत राहतो. नवीन आलेल्या बायका थंडीला घाबरतात. थंडी कपड्यांनी भागते. जड जातो तो एकटेपणा, आणि त्याची तयारी कुणी करून येत नाही.

म्हणून पहिला नियम कर: रोज सकाळी, पाऊस असला तरी, मुलीला घेऊन बाहेर पडायचं. कुठे जायचं हा प्रश्न पडणार नाही. जवळजवळ प्रत्येक सार्वजनिक वाचनालयात लहान मुलांसाठी गाण्यांचा किंवा गोष्टींचा तास असतो, तोही फुकट. चर्चच्या सभागृहांत आणि सरकारी कुटुंब केंद्रांत खेळगट भरतात. तिथे एक-दोन पौंडांत मुलं खेळतात, आयांना चहा मिळतो. धर्म कुणी विचारत नाही. पहिले काही आठवडे कुणी फार बोलणार नाही, तरी त्याच वाराला, त्याच जागी जात राहा. इथली माणसं ओळखीचा चेहरा पुन्हा पुन्हा दिसला की मगच बोलतात, आणि एकदा बोलू लागली की मदतीला मागे हटत नाहीत.

आल्या आल्या डॉक्टरकडे नाव घाल. त्यानंतर हेल्थ व्हिजिटर नावाची बालआरोग्य परिचारिका संपर्क करते. ती मुलीची वाढ पाहते, तशी आईची मनःस्थितीही विचारते. तिला खरं सांग. झोप लागत नाही, विनाकारण रडू येतं, असं काही असेल तर तेही सांग. ‘बरी आहे’ म्हणून विषय संपवू नकोस. आणखी एक गोष्ट आपल्याकडे कुणाच्या डोक्यातही येत नाही: सूर्यप्रकाश. एक ते चार वर्षांच्या मुलांना रोज 10 मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्व द्यावं असं इथली सरकारी आरोग्यसेवा सांगते. मोठ्यांनी निदान हिवाळ्यात ते घ्यावं, आणि आपल्यासारख्या सावळ्या कातडीच्या माणसांनी वर्षभर घेण्याचा विचार करावा.

आपल्या माणसांबद्दल. स्विंडनमध्ये गोंयकार इतके आहेत की दुकानात, बसमध्ये कोकणी कानावर पडते. बहुतेक सासष्टी-बार्देशचे ख्रिस्ती, पोर्तुगीज पासपोर्टावर आलेले. त्या पासपोर्टावर इथे सरळ येऊन राहण्याची वाट 31 डिसेंबर 2020 ला बंद झाली. आता त्यांनाही तुमच्यासारखाच व्हिसा लागतो. माझ्या शेजारची बाई सासष्टीतली. गोव्यात असतो तर आमची गाठ कशाला पडली असती? ती रोमी लिपीत वाचणारी, मी देवनागरीत. तिच्या घरी नाताळ, माझ्या घरी चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी. पण धाकटीच्या वेळी मी दवाखान्यात होते तेव्हा थोरला तिच्याकडे झोपला, आणि तिचा नवरा रात्रपाळीला असतो तेव्हा तिची मुलं आमच्याकडे जेवतात. कोव्हेंट्रीत गोंयकार कमी भेटतील, पण मराठी, गुजराती, पंजाबी घरं खूप आहेत. तुझं माणूस गोव्याचंच असायला हवं असं नाही, पण हाक मारल्यावर पाच मिनिटांत दारात येणारं एक घर तू जोडलंच पाहिजेस. हे काम घर लावण्याइतकंच महत्त्वाचं मान.

आता पैसे. हा विषय तुम्ही नवराबायकोनं तिकिटं काढण्याआधी बोलायचा आहे, त्यामुळे सविस्तर लिहिते.

व्हिसाच्या अर्जाबरोबर आरोग्य अधिभार आधीच भरावा लागतो: मोठ्या माणसाला वर्षाला 1,035 पौंड, मुलाला 776. तीन वर्षांच्या व्हिसासाठी तुम्हा तिघांचे मिळून साडेआठ हजार पौंड झाले. काही कंपन्या हे पैसे देतात, पण कित्येकदा फक्त नोकरदाराचे. बायको आणि मुलीचे कोण भरणार, हे नवऱ्याला आत्ताच लेखी विचारायला सांग.

दोन वर्षांखालच्या मुलाला पूर्ण वेळ नर्सरीत ठेवायचं तर इथे सवलतीशिवाय महिन्याला हजार पौंडांच्या वर जातात, त्यापुढेही फार स्वस्त होत नाही. सासरी हा हिशेब मांडून दाखव. इथे तुला सुरुवातीला जी नोकरी मिळेल तिच्या पगारातला मोठा भाग नर्सरीतच जाईल. आमच्याकडची पुष्कळ जोडपी म्हणून उलट्या पाळ्या करतात. नवरा रात्री गोदामात, बायको दिवसा कुठेतरी, आणि मूल हातातून हातात. पैसा साठतो, पण नवराबायको दारात भेटतात तेवढीच. त्यांना मी नावं ठेवत नाही, गावात घर बांधायचं असतं, कर्ज असतं. आम्ही ते केलं नाही. कमी खोल्यांचं घर घेतलं, गाडी जुनी ठेवली, आणि संध्याकाळी चौघं एकत्र जेवतो. माझ्या मते ते जेवण दुसऱ्या पगाराहून मोलाचं आहे.

एक सवलत मात्र तुलाही मिळेल. तीन वर्षं पूर्ण झाल्यावर पुढच्या सत्रापासून प्रत्येक मुलाला आठवड्याला 15 तास नर्सरी फुकट आहे, वर्षातले 38 आठवडे. आई घरी असली तरी, व्हिसा कुठलाही असला तरी. तीस तासांचं जे ऐकलं असशील ते आईबाप दोघंही कमावते असतील तर. शिवाय तुमच्या व्हिसावर सरकारी निधीतून मदत घ्यायला मनाई लिहिलेली असेल, तर ते हिशेबात धरू नकोस. त्याच कारणानं मुलांचा सरकारी भत्ताही मिळणार नाही. मला तो मिळतो, आणि तो मी मुद्दाम माझ्या नावावर घेतला आहे, कारण मूल 12 वर्षांचं होईपर्यंत त्या अर्जामुळे माझी पेन्शनची वर्षं मोजली जातात. तुझी तशी मोजली जाणार नाहीत. म्हणून तुझ्या म्हातारपणाचे पैसे दर महिन्याला नवऱ्याच्या पगारातून वेगळे निघाले पाहिजेत, तुझ्या नावावर. पीपीएफ खातं असेल तर मोडू नकोस. अनिवासी झाल्यावर नवीन उघडता येत नाही, पण असलेलं मुदत संपेपर्यंत चालू ठेवता येतं.

बँकेचं खातं दोघांच्या नावानं हवं, घरभाड्याच्या करारावर तुझंही नाव हवं. भाजीला पैसे मागावे लागणं हे घरी राहणाऱ्या बाईला आतून पोखरतं. माझा नवरा चांगला आहे, तुझाही असेल. पण चांगल्या माणसालाही आपल्या बायकोला मागावं लागतंय हे दिसत नाही, कारण मागायची पाळी त्याच्यावर कधी आलेली नसते. म्हणून व्यवस्थाच अशी लावायची की मागावं लागू नये. गाडी चालवायला येत असेल तर भारतीय परवान्यावर इथे 12 महिने चालवता येते. त्या मुदतीतच इथली परीक्षा दे. थंडीच्या दिवसांत मूल कडेवर घेऊन बसची वाट पाहणं आणि स्वतः गाडी काढणं, यात पूर्ण दिवसाचा फरक पडतो.

शाळा चार वर्षं पूर्ण झाल्यावर येणाऱ्या सप्टेंबरात सुरू होते. सरकारी शाळेला फी नाही. साधारण पावणेनऊ ते सव्वातीन, आणि दर सहा-सात आठवड्यांनी सुट्टी. या वेळापत्रकाला घरात एक माणूस मोकळं लागतंच, त्यामुळे शाळा सुरू झाली की आईचं काम संपलं असं धरू नकोस. सत्र चालू असताना मुलांना गावी नेता येत नाही. विनापरवानगी पाच दिवस बुडाले तर प्रत्येक पालकाला, प्रत्येक मुलामागे दंड होऊ शकतो, 21 दिवसांत भरला तर 80 पौंड, नंतर 160. चवथ 2025 साली 27 ऑगस्टला आली, सुट्टीत बसली. 2026 साली 14 सप्टेंबरला, म्हणजे शाळा सुरू झाल्यावर. पुढच्या वर्षांची पंचांगं पाहून ठेव. तुझी मुलगी शाळेत जायच्या आधीच्या दोन चवथी तू चुकवू नकोस असं माझं सांगणं आहे. गणपतीच्या वर फळापानांची माटोळी बांधताना कांगल्या, घागऱ्यो, नारळाची पेंड तिनं हातात धरलेली असली, मोठ्या बायकांबरोबर फुगडीत फिरलेली असली, तर ते तिच्यात राहतं. फोनवर दाखवून ते येत नाही.

भाषेचं म्हणशील तर तुझ्यासारख्या शिक्षिकेनं घरी राहणं हे तुझ्या लेकीचं भाग्य आहे. आमच्या घरी गोव्यातल्यासारखंच आहे: बोलणं कोकणीतून, वाचणं-लिहिणं आणि आरत्या मराठीतून. शाळा सुरू झाली की मुलं इंग्रजीत उत्तरं देऊ लागतात. थोरल्याचं तसंच झालं. मी रागावले नाही, पण माझ्या बाजूनं भाषा बदललीही नाही. आता तो आजीशी फोनवर नीट बोलतो आणि मराठी गोष्टींची पुस्तकं अडखळत का होईना वाचतो. अंकलिपी, पाटी, बालगीतं बॅगेत आधी घाल. मसाला इथे मिळतो.

आई किंवा सासूबाई येऊ शकतील का, हे तू विचारलं नाहीस, पण प्रत्येकीला ते विचारायचं असतं. पाहुण्यांच्या व्हिसावर सहा महिन्यांपर्यंत राहता येतं. नातीला सांभाळायला थोड्या काळासाठी आलेली आजी चालते. कायमचं बोलावणं जवळपास अशक्य आहे. येणार असल्या तर एप्रिल-मेनंतर बोलाव. जानेवारीत बंद घरात त्यांचा जीव गुदमरतो आणि मग परतायची घाई करतात.

शेवटी तुझी नोकरी. राजीनामा देण्याआधी बिनपगारी रजा मिळते का ते मुख्याध्यापकांमार्फत लेखी विचार. नुसत्या तोंडी उत्तरावर राहू नकोस. डी.एड., पदवी, अनुभवाचे दाखले, पोलिसांचा दाखला हे सगळं बरोबर घे. भारतीय शिक्षकांना इथली शिक्षक पात्रता थेट मिळते ती गणित, विज्ञान किंवा भाषा 11 ते 16 वर्षांच्या मुलांना शिकवणाऱ्यांना. प्राथमिकच्या शिक्षिकेला ती वाट नाही. पण तुझ्या व्हिसावर तुला काम करता येतं. शाळांत सहाय्यक शिक्षिकेच्या जागा निघतात आणि त्यांचे तास मुलांच्या शाळेच्या वेळेत बसतात. मुलगी शाळेत गेली की आठवड्यातून एकदा तिच्याच वर्गात वाचन घ्यायला स्वयंसेवक म्हणून जा. जागा निघाली की शाळेला तू माहीत असशील.

पस्ताव्याबद्दल मी तुला हमी देऊ शकत नाही. ज्यांना पस्तावा झाला अशा बायका मी पाहिल्या आहेत, आणि त्यांच्यात मला एक समान दिसलं: घरी राहणं त्यांनी ठरवलं नव्हतं, ते त्यांच्या वाट्याला आलं होतं. नवऱ्याची नोकरी ठरली, व्हिसा ठरला, घर ठरलं, आणि उरलं ते बाईनं करायचं. म्हणून एका संध्याकाळी मुलीला आजीकडे ठेव आणि दोघं बसा. किती वर्षं घरी, मग काय, खर्च कसा, महिन्याला तुझ्या खात्यात किती, रविवारी सकाळी मुलगी कुणाकडे, चवथीला कोण कधी जाणार. कागदावर लिहा. पुढे बदल होतील, तेव्हा तोच कागद काढून पुन्हा बोला. तुमचं काय ठरतंय ते मला कळव, आणि कोव्हेंट्रीला येण्याची तारीख नक्की झाली की फोन कर. तिथल्या दोन मराठी घरांशी तुझी गाठ घालून देते.