वाचकांचे प्रश्न : दगड घासताना चाकाचा वेग

प्रश्न : माझ्या मोटरचा वेग 1440 आरपीएम, म्हणजे मिनिटाला 1440 फेरे, आहे. तिच्या एका टोकाला 150 मिमीचं डायमंड चाक, दुसऱ्या टोकाला तेवढीच चामड्याची तबकडी आहे. अकीक छान घासला जातो, पण सेरियम ऑक्साइडच्या पुडीने पॉलिश करताना, दगड ज्या लाखेने काडीवर चिकटवलाय ती मऊ होऊन दगड निसटतो. चमकही ठिगळाठिगळांत येते. वेग चुकतोय का?

उत्तर : घासण्याच्या बाजूला नाही, पॉलिशच्या बाजूला चुकतोय. दगडाला आरपीएम कळत नाही. त्याला लागतो तो चाकाच्या काठाचा वेग. तो काढायला व्यास मीटरमध्ये घ्या आणि त्याला 3.14 ने व आरपीएमने गुणा. तुमच्या चाकाचा काठ मिनिटाला सुमारे 680 मीटर धावतो. डायमंड चाकाला हे चांगलं चालतं. 60 हर्ट्झच्या विजेवर हीच चाकं 1725 आरपीएमने, म्हणजे 810 मीटरच्या आसपास फिरतात आणि तिथेही बिनतक्रार काम करतात. डायमंड चाक वेगाच्या बाबतीत बरंच सोशिक असतं. पाणी मात्र सतत हवं.

चामड्याचं तसं नाही. खरी चमक चामडं जवळजवळ सुकत आल्यावर, दगडाला ओढ बसू लागते तेव्हा चढते. उष्णताही त्याच क्षणी वाढते. 1440 वर ही वेळ इतक्या झटकन येते आणि जाते की हात मागे घ्यायच्या आत लाख वितळलेली असते. शिवाय या वेगाला सेरियमचा लेप काठावरून बाहेर फेकला जातो, म्हणून ठिगळं. 150 मिमीच्या चामड्याला 400 ते 500 आरपीएम पुरेत.

450 आरपीएम हवे असतील तर मोटरवर 50 मिमीची आणि चामड्याच्या दांड्यावर 160 मिमीची पुली घाला. मोटरची पुली गुणिले मोटरचे आरपीएम, भागिले दांड्याची पुली, एवढाच हिशोब. पट्टा जरा घसरतो, त्यामुळे प्रत्यक्षात थोडे कमी मिळतील, बिघडत नाही. अर्थात चामड्यासाठी वेगळा दांडा लागेल, एकाच दांड्यावर दोन वेग मिळणार नाहीत. पंख्याचा रेग्युलेटर लावून ही मोटर हळू करायला जाऊ नका : जोर जातो, मोटर तापते. पुलीने वेग उतरतो तसा जोर उलट वाढतो, आणि चामड्याच्या ओढीला तोच लागतो.

वेग उतरवूनही ठिगळं राहिली तर दोष आधीच्या टप्प्यात शोधा. दगड पूर्ण कोरडा करा, दिव्याखाली तिरका धरा आणि भिंगातून पाहा. ओल्या दगडावर चरे लपतात, म्हणून ओला दगड गुळगुळीत भासतो. कोरड्यावर समांतर बारीक रेघा दिसल्या तर 600 नंबरच्या घासणीवर परत जा, मग त्याहून बारीक 1200 वर. सेरियम चरे काढत नाही, फक्त त्यांच्या कडा चमकवतं.

प्रश्न : 200 मिमीचं सिलिकॉन कार्बाइडचं चाक मिळालंय. त्यावर कमाल 2500 आरपीएम लिहिलंय. माझा बेंच ग्राइंडर 2850 चा आहे. फरक थोडाच आहे, चालेल का?

उत्तर : अजिबात नाही. चाकावर फुटण्याचा ताण वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग 14 टक्के जास्त म्हणजे ताण सुमारे 30 टक्के जास्त. शिवाय साधा बेंच ग्राइंडर पाण्यासाठी बनवलेला नसतो. आणि अकीक, जॅस्पर, गारगोटी कोरडी घासायची नसते, कारण तिची सूक्ष्म धूळ फुप्फुसं कायमची निकामी करते. मास्क लावला तरी पाणी हवंच.

हे चाक पाण्याच्या सोयीच्या, 1440 आरपीएमच्या दांड्यावर बसवा. काठाला सुमारे 900 मीटर मिळतात. बसवण्याआधी चाक बोटावर टांगून लाकडी मुठीने हलकेच वाजवा. स्वच्छ नाद आला तर ठीक. बद्द आवाज आला तर तडा आहे, वापरू नका. दोन्ही बाजूंना कागदी चकत्या घाला, गार्ड लावा आणि पहिलं मिनिटभर बाजूला उभं राहून मोकळं फिरवा.

थांबलेलं चाक पाण्यात बुडू देऊ नका. खालची बाजू पाणी पिते, जड होते आणि पुढच्या वेळी सगळं यंत्र थरथरतं. काम संपलं की पाणी बंद करून चाक काही मिनिटं नुसतंच फिरवा.

झिजून ते 150 मिमीवर आलं की त्याच आरपीएमला काठाचा वेग पाऊण होतो. मग प्रत्येक कणाला मोठा घास घ्यावा लागतो, कण लवकर सुटतात, चाक मऊ असल्यासारखं वागतं आणि त्यावर उंचवटे येतात. तेव्हा चाक सपाट करून घ्या आणि पुली बदलून वेग वाढवा, पण छापलेल्या कमाल मर्यादेच्या आतच.

प्रश्न : सपाट लॅपवर, म्हणजे घासायच्या आडव्या फिरत्या तबकडीवर, मध्याजवळ दगड जवळपास घासलाच जात नाही. लॅप खराब आहे का?

उत्तर : लॅप ठीक आहे. केंद्रापासून 75 मिमीवर जो वेग असतो त्याचा एक तृतीयांशच 25 मिमीवर मिळतो, आणि केंद्रात शून्य. जाड घासणी बाहेरच्या पट्ट्यावर करा, शेवटची नाजूक कामं आतल्या भागात. ओपल तर आतच धरा आणि दाब अगदी हलका ठेवा : त्यात मुळातच पाणी असतं आणि तापला की तो तडकतो. दर काही सेकंदांनी उचलून मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवा. कोमट लागला तरी थांबा.