ब्लॉक मोजता येतो, धाक कसा मोजणार? वेम्बीच्या रूकी सीझनवरचे तुमचे प्रश्न

मागच्या वेळी सहज लिहून गेलो होतो की एनबीएमधल्या (अमेरिकेची बास्केटबॉल लीग) सॅन अँटोनियो स्पर्सच्या व्हिक्टर वेम्बन्यामाचा, म्हणजे आपल्या वेम्बीचा, २०२३-२४ चा पहिला सीझन, फक्त डिफेन्सचं बोलायचं तर, मी पाहिलेला सगळ्यात भारी रूकी (लीगमध्ये पहिल्याच वर्षी खेळणारा) सीझन आहे. त्यावर इतके प्रश्न आले, त्यात दोन-तीन तर सरळ भांडायलाच आलेले. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, थोडे निवडून घेतो.

प्रश्न (नागपूर): सर, तो यायच्या आधी सॅन अँटोनियो स्पर्स २२-६० (२२ जिंकल्या, ६० हरल्या), तो आल्यावर पण २२-६०. एका मॅचचाही फरक नाही. मग कसली व्हॅल्यू म्हणताय तुम्ही?

आकडा खरा आहे, त्यामुळे टाळता येणार नाही. पण हे बघा, मॅच जिंकायला दोन्ही बाजू लागतात. २०२२-२३ मध्ये स्पर्सचा डिफेन्स ३० टीममध्ये सगळ्यात शेवटचा होता, पुढच्या वर्षी तो एकविसाव्या नंबरच्या आसपास आला. म्हणजे लीगमधल्या सगळ्यात वाईट डिफेन्सचा साधारण डिफेन्स झाला आणि मधे टीमने कोणी मोठा डिफेंडर विकत आणला नव्हता, आला तो हा १९ वर्षांचा पोरगा. मग जिंकले का नाहीत? कारण दुसरीकडे बास्केट पडत नव्हत्या. सुरुवातीला कोचने जेरेमी सोहानला पॉइंट गार्ड (बॉल पुढे आणून डाव मांडणारा) करून बघितलं, तो मूळचा फॉरवर्ड, बॉल पुढे आणतानाच दमछाक व्हायची, टर्नओव्हर (बॉल हातचा जाणं) व्हायचे आणि टर्नओव्हरवर समोरचे पळत सुटले की वेम्बी मागे पोचायच्या आत लेअप (रिंगपाशी जाऊन मारलेला सोपा शॉट). जो माणूस रिंगपाशी उभा राहून डिफेन्स करतो तो अजून हाफलाइनच्या पलीकडेच असेल तर त्याच्या उंचीचा उपयोग काय? सुरुवात ३-२ अशी झाली होती, त्यानंतर सलग १८ मॅच हरले. डिसेंबरच्या मध्यात लेकर्सला हरवलं तेव्हा सुटले.

दुसरी गोष्ट, तो सरासरी २९.७ मिनिटं खेळला. मॅच ४८ मिनिटांची. म्हणजे १८ मिनिटं तो बाकावर, शिवाय ११ मॅच खेळलाच नाही. तो कोर्टवर असताना स्पर्सचा डिफेन्स लीगमधल्या चांगल्या टीमच्या पंगतीत बसेल असा आणि तो बसला की पुन्हा तळाला. आमच्याकडे नळाला पाणी तासभर येतं तसं होतं ते, तेवढ्या तासात भराल तेवढं भरा.

आणि एक तुलना सारखी होते तिचंही सांगून टाकतो. डेव्हिड रॉबिन्सन आला तेव्हा हीच टीम २१-६१ वरून ५६-२६ झाली, टिम डंकन आला तेव्हा २०-६२ वरून ५६-२६. बरोबर. पण रॉबिन्सन नेव्हीची नोकरी करून आलेला, वय २४. त्याच्याबरोबर टेरी कमिंग्ज आणि शॉन एलियट पण नवे आले होते. डंकन कॉलेजची चार वर्षं पूर्ण करून आला आणि आदल्या वर्षी फक्त ६ मॅच खेळलेला रॉबिन्सन बरा होऊन त्याच्या शेजारी उभा राहिला. वेम्बीच्या शेजारी कोण होतं? चांगली पोरं होती, पण पोरंच होती.

प्रश्न (पुणे): मॅचला ३.६ ब्लॉक (समोरच्याचा शॉट हवेतच अडवणं) ठीक आहे, पण ७ फूट ४ इंच उंची असेल तर कोणीही करेल ना? यात स्किल काय?

नाही हो. लीगमध्ये सात फुटी माणसं बरीच येऊन गेली. मानुट बोल ७ फूट ७ इंच होता, १९८५-८६ मध्ये रूकी असताना त्याने तब्बल ३९७ ब्लॉक केले, वेम्बीचे सगळे मिळून २५४. नुसते ब्लॉकच मोजायचे असतील तर बोलच मोठा. पण बोल रिंगपासून लांब ओढला गेला की अडचण व्हायची आणि अटॅकमध्ये मॅचला जेमतेम पावणेचार पॉइंट. वेम्बी त्या सीझनला २१.४ पॉइंट, १०.६ रीबाउंड (चुकलेल्या शॉटनंतर पकडलेला बॉल) पण करत होता, म्हणजे डिफेन्ससाठी त्याला कोर्टवर ठेवताना कोचला दुसरीकडे काही गमवावं लागत नव्हतं.

स्किल कुठे आहे सांगतो. एक, फाउल. नवीन उंच पोरगा आला की पहिल्या क्वार्टरमध्ये दोन फाउल करून बाकावर, हे ठरलेलं असतं कारण समोरच्याने शॉट मारल्याचं नुसतं नाटक केलं (पंप फेक) तरी प्रत्येक वेळी तो उडतो. वेम्बीचे फाउल मॅचला दोन-सव्वादोन. एवढे ब्लॉक आणि एवढे कमी फाउल हे कॉम्बिनेशन दुर्मीळ आहे. तो बऱ्याचदा उडतच नाही, नुसता हात वर करून उभा राहतो. दोन, तो चकला तरी परत येतो, म्हणजे ड्रिबलवर कोणी त्याला चकवून पुढे गेला तरी मागून एका ढांगेत तो शॉटपर्यंत पोचतो. तीन, थ्री पॉइंटर. कोपऱ्यातला शूटर मोकळा आहे म्हणून आरामात शॉट घेतो आणि पेंटमधून (रिंगखालच्या रंगवलेल्या चौकोनातून) निघालेला हा माणूस तिथे हजर. त्याच्या दोन पसरलेल्या हातांचं अंतर साधारण ८ फूट आहे, दाराची चौकट त्याहून लहान असते.

पण मी जे धाक म्हणतो ते यातल्या कशातच येत नाही. कबड्डी बघता ना? डाव्या कोपऱ्यात तगडा गडी उभा असला की चढाई करणारा त्या बाजूला जातच नाही, बोनस घेऊन मागे. त्या गड्याच्या नावावर त्या चढाईत काहीच लागत नाही. तसंच इथे. गार्ड ड्राइव्ह करून पेंटमध्ये येतो, वर बघतो, आणि बॉल बाहेर काढतो. किंवा लेअपच्या जागी लांबूनच फ्लोटर (उंच, हळुवार शॉट) उडवतो. स्कोअरशीटवर वेम्बीच्या नावापुढे शून्य. मी वही घेऊन बसायचो काही मॅचना, किती वेळा समोरचा आत येऊन परत फिरला याच्या रेघा मारत, आणि दर मॅचला ब्लॉकच्या आकड्यापेक्षा त्या रेघाच जास्त निघायच्या. माझी वही म्हणजे काही पुरावा नाही, पण तुम्ही स्वतः करून बघा.

प्रश्न (ऑस्टिनहून, मूळ कोल्हापूर): सुरुवातीला तो सेंटर (रिंगपाशी खेळणारा उंच खेळाडू) खेळतच नव्हता, बरोबर? त्याने फरक पडला का? मी दोन मॅच स्टेडियमला जाऊन बघितल्या, दोन्हींत तो हरवल्यासारखा वाटला.

नोव्हेंबरमध्ये गेला असाल. तेव्हा झॅक कॉलिन्स सेंटर आणि वेम्बी पॉवर फॉरवर्ड असं चालू होतं. विचार चुकीचा नव्हता, पोरगा काटकुळा, रोज रात्री जाड्या सेंटरशी धक्काबुक्की कशाला करायची. पण त्यामुळे झालं असं की समोरच्या टीमचा पिक अँड रोल (एकाने डिफेंडरची वाट अडवून मग रिंगकडे पळायचं, बॉलवाल्याने त्याच्या आडून निघायचं) कॉलिन्सच्या अंगावर यायचा आणि वेम्बी एखाद्या शूटरला धरून बाहेर उभा. घराला कुलूप लावलंय पण मागच्या दाराला. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यानंतर त्याला सेंटर केलं आणि मग चित्र बदललं. आता पिक अँड रोल झाला की तो थोडा मागे सरकून बॉलवाला आणि रोल करणारा दोघांच्या मधे थांबतो. इतर सेंटरना या दोघांतला एक निवडावा लागतो, याला कधीकधी दोघांनाही पुरेसे हात असतात. लॉबचा (रिंगपाशी उंचावरून टाकलेला) पास टाकणाऱ्याला पण दहादा विचार करावा लागतो.

जानेवारीत ट्रे जोन्स पॉइंट गार्ड म्हणून सुरुवातीपासून खेळायला लागला त्याचाही वाटा आहे, टर्नओव्हर कमी झाले की डिफेन्सला सेट व्हायला वेळ मिळतो. डिफेन्स अटॅकपासून सुरू होतो असं माझे कोच ओरडायचे, तेव्हा कळायचं नाही. मधेच डॅलसमध्ये वॉर्म-अपला बॉलबॉयच्या पायावर पाय पडून वेम्बीचा घोटा मुरगळला होता, त्यानंतर बरेच दिवस मिनिटं मोजून दिली जायची, ते वेगळंच.

प्रश्न (नाशिक): एवढा ग्रेट डिफेंडर तर एम्बीडने (फिलाडेल्फियाचा सेंटर) ७० कसे मारले त्याच्या टीमवर?

मारले. २२ जानेवारी २०२४, फिलाडेल्फिया, ७० पॉइंट. वेम्बीने स्वतः ३३ केले पण त्या रात्री एम्बीडपुढे कोणाचं काही चाललं नाही. सगळा वेळ वेम्बीच त्याच्यावर नव्हता, कॉलिन्सही होता, पण जेव्हा होता तेव्हा एम्बीडने खांदा लावून त्याला मागे ढकललं आणि आठ फुटी हातांचा उपयोग झाला नाही कारण पायच जागेवर नव्हते. अंगात वजन नसणं ही त्याची खरी कमजोरी होती आणि मी ती लपवणार नाही. फक्त हे लक्षात घ्या की तसा खांदा लावू शकणारे लीगमध्ये हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

प्रश्न (ठाणे): चेट होल्मग्रेन पण त्याच वर्षी रूकी, ८२ च्या ८२ मॅच खेळला, ओक्लाहोमा ५७ मॅच जिंकली. त्याचं नाव पण घेत नाही तुम्ही.

घेतो की. चेट उत्तम. २.३ ब्लॉक, योग्य जागी उभं राहणं, तक्रार नाही. पण त्याच्या पुढे डॉर्ट, वॉलेससारखे गार्ड बॉलवाल्याला आधीच हैराण करून पाठवायचे. वेम्बीकडे येणारा माणूस ताजातवाना यायचा. पुढे.

प्रश्न (बेळगाव): सर्वोत्तम डिफेंडरचं बक्षीस रूडी गोबेअरला दिलं, हा अन्याय नाही का? इतके ब्लॉक दुसऱ्या कोणाचे नव्हते.

अन्याय वगैरे नाही. मिनेसोटाचा डिफेन्स त्या वर्षी लीगमध्ये एक नंबर होता, टीम ५६ मॅच जिंकली, आणि त्या डिफेन्सचा खांब गोबेअर. हे त्याचं चौथं बक्षीस, मुटोम्बो आणि बेन वॉलेस यांच्या बरोबरीचं. वेम्बी दुसरा आला आणि ऑल-डिफेन्सिव्ह फर्स्ट टीममध्ये (वर्षातल्या सर्वोत्तम पाच डिफेंडरांच्या यादीत) आला, जे कुठल्याच रूकीला आधी जमलं नव्हतं. करीम, ओलाजुवॉन, बोल, रॉबिन्सन, डंकन, हे सगळे रूकी वर्षात सेकंड टीमपर्यंतच पोचले होते. मला तर हे बक्षिसापेक्षा मोठं वाटतं.

मजा म्हणजे वेम्बी स्वतःच म्हणाला होता की गोबेअर लायक आहे, त्याने आत्ताच जिंकून घ्यावं कारण यानंतर त्याची पाळी नाही. दोघंही फ्रेंच, त्यामुळे खेळीमेळीत घेतलं गेलं. आणि पुढच्या वर्षी काय झालं? फेब्रुवारी २०२५ मध्ये खांद्यात रक्ताची गाठ झाली म्हणून वेम्बीचा सीझन ४६ मॅचवर थांबला आणि बक्षीस इव्हान मोब्ली घेऊन गेला.

प्रश्न (सांगली): माझा मुलगा १४ वर्षांचा, आत्ताच ६ फूट १ इंच. वेम्बीचे व्हिडिओ बघून प्रत्येक शॉटला ब्लॉक करायला उडतो आणि फाउल होऊन बाहेर बसतो. त्याला काय सांगू, ताई म्हणून नाही तर आई म्हणून विचारते.

ताई, आधी ते व्हिडिओ बंद करा. गंमत नाही, हायलाइट्समध्ये फक्त उडालेला वेम्बी दिसतो, न उडालेला दाखवत नाहीत. त्याला सांगा की जागेवर, सरळ वर, दोन्ही हात उभे. पुढे झेपावायचं नाही. सरळ वर उडालेल्या माणसाच्या अंगावर समोरचा येऊन आदळला तर साधारणपणे फाउल डिफेंडरचा नसतो. हात खाली आणून बॉल झोडपायचा नाही, तिथेच शिट्टी वाजते.

एक फरक त्याच्या कोचलाही सांगा. एनबीएमध्ये डिफेंडरला कोणालाही जवळून मार्क न करता पेंटमध्ये तीन सेकंदांपेक्षा जास्त उभं राहता येत नाही, त्यामुळे वेम्बी सारखा आत-बाहेर करताना दिसतो. आपल्याकडे शाळा-कॉलेजच्या मॅच फिबाच्या (जागतिक बास्केटबॉल संघटना) नियमांनी होतात, त्यात डिफेंडरला ही तीन सेकंदांची अट नाही. म्हणजे तुमचा मुलगा खुशाल रिंगपाशी उभा राहू शकतो, ती नक्कल करायची गरजच नाही.

आणि ब्लॉक झालाच तर बॉल प्रेक्षकांत भिरकावू नये. तिथे टाळ्या मिळतात पण बॉल परत समोरच्यांनाच मिळतो. बिल रसेल हळूच टॅप करून आपल्या माणसाकडे द्यायचा. १४ व्या वर्षी एवढं जमणार नाही, पण निदान बॉल कोर्टात राहील असं बघावं. बाकी जेवण, झोप आणि गुडघे. वाढीच्या वयात गुडघे दुखत असतील तर अंगावर काढू नका, डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न (पणजी): एकच मॅच बघायची असेल तर कुठली? सकाळी साडेसहाला उठून लाइव्ह बघणं जमत नाही.

सगळे म्हणतील २३ फेब्रुवारी २०२४ ची लेकर्सची, २७ पॉइंट, १० रीबाउंड, ८ असिस्ट (ज्यावर बास्केट झाली असे पास), ५ स्टील (समोरच्याकडून हिसकावलेले बॉल), ५ ब्लॉक, पाचही रकान्यांत पाच किंवा जास्त, इतक्या कमी वयात कोणी केलं नव्हतं. ती मॅच स्पर्स हरले बरं का, १२३-११८, नागपूरकर खूश होतील. पण डिफेन्ससाठी मी म्हणेन १२ फेब्रुवारीची टोरांटोतली, १० ब्लॉक, १४ रीबाउंड, २७ पॉइंट आणि १२२-९९ असा सरळ विजय. कॉमेंटरी बंद करा, बॉलकडे बघू नका, नुसतं टोरांटोच्या गार्डच्या मानेकडे बघा, पेंटमध्ये शिरताना ती कुठे वळते ते. दुसऱ्या क्वार्टरपर्यंत तुम्हालाही वही घ्यावीशी वाटेल.